रक्ताची खतावणी

जामनेरला आमचे धान्याचे आडत दुकान आहे. तीन पिढ्या रोजमेळ आणि खतावणी यांच्या सहवासात गेल्यामुळे, जे आकड्यांत उतरले नाही ते घडलेच नाही, अशी माझी समजूत झालेली होती. धाकट्या मुलीच्या आजारपणात ही समजूत आम्हांस महागात पडण्याच्या बेतात होती. ती हकिकत येथे सांगतो.

मुलगी चौदा वर्षांची झाली त्या वर्षापासून श्रावण सरता सरता तिला शिंकांचा त्रास सुरू होऊ लागला. डोळे लाल, नाक चोंदलेले. पर्युषणात व्याख्यानाच्या मंडपातून तिला दर दहा मिनिटांनी उठून बाहेर जावे लागे, आणि लोक वळून पाहत म्हणून पुढे पुढे ती मंडपात येईनाशीच झाली. दोन वर्षांनी रात्री छातीतून सूं सूं आवाज येऊ लागला, तेव्हा मात्र आम्ही घाबरलो. जळगावच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी तिच्या हातावर टोचण्यांची चाचणी केली. दोन ठिकाणी मोठ्या गांधी उठल्या : गाजर गवत आणि ज्वारी.

गाजर गवत आपल्याला नवे नाही. 1950 च्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे सांगतात. आज कांग नदीच्या काठाने, पाचोरा–जामनेरच्या जुन्या अरुंद रेल्वेमार्गाच्या कडेने पावसाळ्यात ते कमरेइतके वाढते. ज्वारीचे नाव ऐकून मात्र मी ओशाळलो. आमच्या घरची चूल तिच्यावरच पेटत आली आहे.

ज्या परागाचा त्रास, त्याचाच अर्क अत्यल्प मात्रेत टोचायचा आणि मात्रा हळूहळू वाढवीत शरीराला त्याची सवय लावायची, हा उपचार डॉक्टरांनी सुचविला. तीन ते पाच वर्षे चालणारा. प्रत्येक सुईनंतर अर्धा तास दवाखान्यातच बसायचे, कारण क्वचित तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी 1911 साली गवताच्या परागाचा असा उपचार प्रसिद्ध केला. गुण येतो की नाही हे ते कसे ठरवीत? परागाच्या अर्काचा थेंब रुग्णाच्या डोळ्यात घालून. डोळा लाल होण्यास पूर्वीपेक्षा तीव्र अर्क लागू लागला की सहनशक्ती वाढली असे समजायचे. म्हणजे आकड्याची ओढ या उपचाराला जन्मापासून आहे. मी एकटाच तसा नव्हे.

उपचारापूर्वी रक्त तपासले होते. आय.जी.ई. 640 आणि इओसिनोफिल पेशी 720. सहा महिन्यांनी, आषाढात, डॉक्टरांना न विचारता मी तीच तपासणी पुन्हा करवली. आय.जी.ई. 910! इओसिनोफिल 690, म्हणजे जवळपास जागच्या जागी. आडतीच्या धंद्यात असा हिशेब दिसला तर माणूस व्यवहार थांबवतो. मी थांबवला. आई म्हणालीच होती, पोरीला सुया टोचून काय मिळते? आम्ही लागोपाठ दोन फेऱ्या चुकविल्या, आणि गाजर गवत तर फुलू लागलेले.

शेवटी अहवाल घेऊन मीच जळगावला गेलो. डॉक्टर रागावले नाहीत. "भाऊ, पहिल्या महिन्यांत आय.जी.ई. वाढते, हे आम्हांला अपेक्षितच असते. पुढे ते सावकाश उतरते. त्यावरून गुण ठरत नाही. आणि इओसिनोफिल पोटातल्या कृमींनीसुद्धा वाढतात."

"मग डॉक्टरसाहेब, रक्तातले खरे काय पाहायचे?"

त्यांनी कागदावर एक गोल काढला. बेसोफिल नावाची पेशी पांढऱ्या पेशींत शंभरात एकही भरत नाही. तिच्या अंगावर आय.जी.ई. चिकटून असते. ताज्या रक्तात परागाचा अर्क मिसळला की ॲलर्जी असलेल्या माणसाची ही पेशी चेतते आणि सी.डी.63 नावाची खूण तिच्या पृष्ठभागावर उमटते. अशा किती पेशी चेतल्या हे फ्लो सायटोमीटर मोजतो. उपचार लागू पडलेल्या रुग्णांत तेवढ्याच अर्काने कमी पेशी चेततात, असे अभ्यासांत दिसले आहे. आय.जी.जी.4 नावाची, परागाला वाटेतच अडविणारी प्रतिपिंडेही वाढतात, पण ती गुण न आलेल्यांतही वाढतात.

मी लगेच म्हणालो, "मग ती पेशींचीच चाचणी करू." ते हसले. रक्त ताजे लागते, यंत्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांत. आणि इतके करूनही शंभर रुग्णांची सरासरी सांगता येते, एका मुलीचे भाकीत करता येत नाही. जगभर आजही अंतिम पुरावा धरतात तो त्रासाच्या आणि औषधांच्या रोजच्या नोंदीचा. खंड पडल्यामुळे मात्रा कमी करून पुन्हा चढवावी लागली. ती किंमत माझ्या उतावळेपणाची.

वही मी आणली, लाल बांधणीची, दुकानातलीच. नोंदी मी ठेवीन म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "पप्पा, शिंका मला येतात. मीच लिहीन." शिंका, डोळे, नाक, छाती यांना शून्य ते तीन गुण आणि शेजारी गोळ्यांचा हिशेब. त्यात एक खोट राहते. एखाद्या वर्षी हवेत परागच कमी असले तर गुण कोणाच्या खाती जमा करायचा? औरंगाबादच्या डॉ. एस. टी. टिळकांनी यासाठीच हवेतील परागकण चिकट फितीवर टिपणारे यंत्र बनविले. ते टिळक सॅम्पलर म्हणून ओळखले जाते. आमच्या शेजारच्या अजिंठ्याच्या लेण्यांतील हवेचाही त्यांनी अभ्यास केला. आमच्या गावात अशी मोजणी नाही. म्हणून मुलीने आणखी एक रकाना आखला : नाल्याकाठचे गवत फुलले की नाही.

दुसऱ्या वर्षीच्या संवत्सरीला ती मंडपात माझ्या पुढच्या रांगेत बसली होती. दोन तास. रात्री मी गुपचूप वही उघडली. "गवत फुललेले. शिंका 1. नाक 1. छाती 0. गोळी नाही." मला आनंद झाला, मग शेजारी बारीक अक्षरात लिहिलेले दिसले, "उपवास होता, म्हणून." दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर मी तिच्यासमोरच वही मागितली. तिने ती पुढे केली. "गवत तसेच. शिंका 1. गोळी लागली नाही."