अज्जीचा आवाज आणि दोन तारा

बारसं असो, लग्न असो की गणपतीतलं भजन, साऊंडवाल्याचा भाव आपण खोक्यांकडे बघून ठरवतो. स्पीकर केवढे, मिक्सरवर बटणं किती! केबलकडे कोणी बघत नाही. ती सतरंजीखालून जाते, तिच्यावर खुर्च्या सरकतात, आणि घुंऽऽ सुरू झालं की सगळे माईकवाल्याकडे वळून बघतात.

आमच्या भजनी मंडळाचं साऊंड मी बरीच वर्षं सांभाळतो, म्हणून माझी नजर आधी तारांवर जाते. केबल मुळात दोन जातींच्या. एकीत एकच तार आणि भोवती तांब्याची जाळी. जुना डेक, टीव्ही, गिटार यांना ती लागते. हिला अनबॅलन्स्ड म्हणतात. जाळी हीच परतीची वाट असल्याने शेजारच्या विजेच्या वायरीची ५० हर्ट्झची घरघर गाण्यात मिसळते. चार-पाच मीटर चालून जातं, मंडपभर नाही. दुसरीत जाळीच्या आत दोन तारा. एकीतून आवाज सुलटा, दुसरीतून उलटा. वाटेत घरघर शिरते ती दोघींत सारखीच. मिक्सर दोन्हींची वजाबाकी करतो; सारखं असेल ते उडतं, उलटसुलट असेल ते दुप्पट होऊन उरतं. माईकची तीन पिनांची केबल ती ही, बॅलन्स्ड.

या वजाबाकीनेच नात्यातल्या एका बारशाला घोळ घातला. पणतीला पाळण्यात घालताना दिवंगत अज्जीची अंगाई लावायची होती. अज्जी शहापूरची, पण सासर धारवाडकडचं. त्यामुळे अर्धी अंगाई मराठी, अर्धं जोगुळ कन्नड. जुन्या कॅसेटवरून नातवाने ती मोबाईलवर उतरवली होती. माईकवाल्याने एका टोकाला हेडफोनची पिन, दुसऱ्या टोकाला माईकच्या तीन पिना अशी तयार केबल जोडली. गाणं सुरू, आणि स्पीकरमधून नुसती टेपची खरखर! मोबाईल कानाला लावला की अज्जी स्पष्ट. एक चिमुरडी आईला विचारत होती, ‘‘अज्जी दनि एल्ली होतु?’’

झालं होतं असं. दोन काळ्या पट्ट्यांची पिन दिसायला एकच, पण हेडफोनसाठी तिचा अर्थ डावा-उजवा, बॅलन्स्ड मिक्सरसाठी सुलटा-उलटा. कॅसेट मोनो, म्हणजे डाव्या-उजव्यात अज्जी अगदी सारखी. मिक्सरने तिला घरघर समजून वजा केलं. एरवीच्या सिनेमागाण्यात वाद्यं थोडी वाजतात आणि गायक गायब होतो, तेही यामुळेच.

माझ्या पिशवीत एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुटे मोनो जॅक असलेली केबल होती. दोन जॅक दोन वेगळ्या चॅनेलना दिले. अज्जी आली. मागे तिच्या बांगड्या, कुठेतरी कुकरची शिट्टी. अज्जांनी पाळण्याची दोरी धरली ती गाणं संपेपर्यंत कोणाला दिली नाही.

घरी केबल बनवणाऱ्यांसाठी: डेकचा किंवा कीबोर्डचा मोनो आवाज तीन पिनांच्या इनपुटला न्यायचा तर दोन तारांचीच केबल घ्या. पहिली तार २ नंबरच्या पिनेला, दुसरी ३ ला, जाळी १ ला. डेकच्या बाजूला पहिली तार जॅकच्या टोकाला, दुसरी तार आणि जाळी एकत्र करून त्याच्या बुंध्याला. अंतर लांब असेल तर डीआय बॉक्स भाड्याने मिळतो, तो मागा. आणि मोबाईल जोडण्याआधी मिक्सरवरचं ४८ व्होल्टचं बटण बंद आहे ना, ते बघा.

घरघर थांबवायला काही जण प्लगची अर्थिंगची जाड पिनच मोडून टाकतात. घरघर कधी कधी थांबतेही. पण पुढे ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर पावसाळी मंडपात ओल्या जमिनीवर उभ्या गाणाऱ्याच्या ओठांना लागलेला माईक म्हणजे थेट वीज. तसा प्लग दिसला तर भजन थोडं उशिरा सुरू करा आणि एखाद्या पोराला नवा प्लग आणायला पिटाळा.