जरा आणि जरा

माझ्या टेबलाच्या खणात पेन्सिल सेलवर चालणारी एक डबी आहे. दोन काड्यापेट्या एकावर एक ठेवल्यावर होईल एवढी, कधीकाळी पांढरी असलेली. तिच्यातून वायर निघते, वायरीच्या टोकाला बटणाएवढा रिसीव्हर, आणि त्याला माझ्या कानाच्या मापाचा साचा. श्रवणयंत्रांच्या धंद्यात त्याला सगळे मोल्डच म्हणतात. १९९८ साली ती घेतली तेव्हा मी शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होतो. पलीकडे ट्रेडल मशीन, मध्ये नुसती फळी. सहायक मूळप्रत मोठ्याने वाचायचा, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि मी गॅलीवर डोळे लावून ऐकायचो. एके दिवशी तो ‘साठ’ म्हणाला आणि मी ‘आठ’ ऐकलं. पंचांगाचं काम होतं. पंचांगात साठाचे आठ होणं म्हणजे काय, ते ज्याने ते फर्मे पुन्हा छापले त्यालाच विचारावं.

त्याच्या वाचण्यात खोट नव्हती. त्याचा ‘स’ माझ्यापर्यंत पोचलाच नव्हता.

डबी वरच्या खिशात ठेवायची, वायर कॉलरखालून वर न्यायची. पीएमटीच्या बसमध्ये शेजारी बसलेला माणूस हमखास कोपराने ढोसून विचारायचा, “काय, सचिन आहे ना अजून?” सुरुवातीला मी समजावून सांगायचो. पुढे पुढे सांगून टाकायचो, आहे, सत्तरवर खेळतोय. त्या लोकांची तशी फारशी चूक नव्हती. ट्रान्झिस्टर आधी रेडिओत आला असं आपण समजतो, पण तो बाजारात पहिल्यांदा आला तो बहिऱ्यांच्या यंत्रात, १९५२ साली. खिशातला रेडिओ त्यानंतर दोन वर्षांनी. ज्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला तिने श्रवणयंत्रांसाठी त्याचं स्वामित्वधन घेतलं नाही, ग्रॅहम बेलच्या स्मरणार्थ. त्याची आई बहिरी, बायको बहिरी. टेलिफोन ही त्या घरातली गोष्ट.

डबीचा स्वभाव मात्र भोळा होता. समोर येईल ते ती मोठं करायची, आणि सगळं सारख्याच मापाने. बोलणं मोठं, पंखा मोठा, रिक्षा मोठी. माइक खिशात, म्हणजे छातीवर. शर्टाचं कापड त्याच्यावर घासलं की कानात कोणी केरसुणी फिरवतंय असं वाटे. कानातला साचा जरा सैल झाला की शिट्टी वाजायची, आणि ती मला सोडून सगळ्यांना ऐकू यायची. माझ्यासारख्या कानांची गंमत अशी की हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेलं सोसत नाही. “जरा मोठ्याने बोल” आणि “ओरडतेस कशाला?” या दोन वाक्यांत सौभाग्यवतीला हवी तेवढी जागा त्या डबीने कधीच ठेवली नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर ती जुळारी होती. मजकुरात असेल तेवढं जुळवायचं, चुकांसकट, डागांसकट. वाचणाऱ्याने आपलं बघून घ्यावं.

कान तपासतात तेव्हा एक आलेख काढतात. उजव्या कानाच्या खुणा लाल गोल, डाव्याच्या निळ्या फुल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल खुणा केल्या, आता आपला उजवा कान तसाच तपासून समोर आला. रेघ डावीकडून बरी चालत येते आणि ४००० हर्ट्झपाशी विहिरीत पडल्यासारखी खाली जाते. फळीपलीकडच्या ट्रेडलचा हा हिशेब. बोलण्यातला मोठेपणा स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत राहतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे मला नेहमी कळायचं. काय बोलतंय ते व्यंजनं सांगतात, आणि त्यातली स, श, फ ही बारीक घासरी मंडळी नेमकी त्या विहिरीत. माझ्या लेखी वर्षानुवर्षं लोक नुसत्या काना-मात्रा-वेलांट्या बोलत होते.

पूर्ण डिजिटल यंत्रं १९९६च्या सुमारासच निघाली होती. माझ्या खिशाला ती परवडायला २०२३ उजाडलं. हे नवं यंत्र कानामागे बसतं, शेंगदाण्याएवढं. त्याचा सेल मसुराच्या दाण्याहून थोडा मोठा आणि त्यावर तपकिरी कागद चिकटवलेला. तो सोलला की सेलच्या पाठीवरची बारीक छिद्रं उघडी पडतात, हवा आत शिरते, आतलं जस्त तिच्याशी काम सुरू करतं. सोलल्यावर मिनिटभर तसाच तळहातावर ठेवायचा. रोज काही करावं लागत नाही, आठवड्यातून एकदा. पण ते मिनिट मला आवडतं. एवढासा जीव श्वास घेतोय आणि आपण वाट बघतोय.

पहिल्या दिवशी मी घाबरलो. वर्तमानपत्राचं पान उलटलं तर पत्रा फाटल्यासारखं झालं. स्वतःच्या चपला कोणीतरी मागून येतंय अशा वाजल्या. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी आधीच बजावलं होतं, कंटाळून काढून ठेवू नका, मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो. चौथ्या की पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून मोहरी तडतडल्याचं ऐकू आलं. फोडणीचा वास इतकी वर्षं एकटाच येत होता.

आणि मग ‘जरा’. बायको म्हणाली, “अहो, जरा पाय वर घ्या, केर काढतेय.” त्याच संध्याकाळी टीव्हीवरच्या कीर्तनात बुवा जरा-मरणाबद्दल बोलत होते. लिहिताना दोन्ही शब्द एकच. पण थोडं या अर्थाच्या ‘जरा’चा ज दातांमागून घासून येतो आणि म्हातारपणाच्या ‘जरा’चा ज टाळूवरून. फरक त्या घासण्याएवढाच. प्रुफातही तो दिसत नाही, ओठांवरही दिसत नाही, तो ऐकावाच लागतो. डबीने पंचवीस वर्षांत मला हे दोन शब्द कधी वेगळे करून दिले नव्हते. नव्या यंत्राने एका दिवसात दिले. मी पाय वर न घेता तसाच बसून राहिलो होतो, बायकोला वाटलं ऐकू आलं नाही.

इथे हा लेख संपला असता तर बरं झालं असतं. पण बायको भजनी मंडळात गाते. तिने रियाजाला तानपुऱ्याची पेटी लावली, तेव्हा माझ्या कानात तानपुरा सुरू झाला, छान भरला, आणि काही क्षणांत कोणी दार लोटून घ्यावं तसा लांब गेला. तिचा आवाज स्वच्छ, पण आधाराशिवाय, भिंत पाडून नुसती खुंटी राहावी तसा. बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, बोलणं चढतं-उतरतं, थांबतं. जे न थांबता एकसारखं चालतं त्याला यंत्र गोंगाट समजतं आणि दाबतं. पंखा, एसी, तानपुरा, त्याला सगळे सारखेच. शिवाय शिट्टी थांबवण्याची सोय असते, ती एखाद्या लांबलेल्या सुरालाही शिट्टी समजते. त्यांनी संगणकाला जोडून गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला, त्यात या दोन्ही सोयी बंद. बटण दाबायचं, झालं.

म्हणजे हा जुळारी नाही, संपादक आहे. चांगला आहे, भाषा स्वच्छ करतो. पण संपादकांबरोबर मी पस्तीस वर्षं काढली आहेत. कापलेला मजकूर कुठे गेला, हे मला विचारावंसं वाटतंच.

परवा पहिला मोठा पाऊस आला. गॅलरीत बसलो. पाऊस आला, भरला आणि तानपुऱ्यासारखाच मागे सरकला. समोर सरी दिसतायत आणि कानात एखाद-दुसरा थेंब. बटण दाबता आलं असतं. पण उठून खणातली डबी काढली, रिमोटमधले सेल तिच्यात घातले, वायर कॉलरखालून घेतली. मोल्ड आता कानात सैल बसतो, बोटाने दाबून धरला.

पाऊस पत्र्यावर, पाऊस पन्हळीत, मध्ये शर्टाची खरखर, खाली रिक्षा, पुन्हा पाऊस. सगळं एकदम, एकाच मापाचं.

बायको दारात आली. काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, “काय?” ती पुन्हा म्हणाली. मला पुन्हा पाऊसच ऐकू आला. मग तिने दोरीवरच्या कपड्यांकडे बोट दाखवलं.