नांगरटीतली पावली

सप्टेंबर संपत आला की इथली गव्हाची शेतं नांगरून पडतात आणि आमच्या शेजारच्या काकांचा हंगाम सुरू होतो. काका निवृत्त सुतार आहेत, पंच्याहत्तरी ओलांडलेले. खिशात शेतकऱ्याची परवानगी, कानाला हेडफोन, हातात मेटल डिटेक्टर आणि कमरेला खुरपं. मी नाशिकची. नॉरिचला येऊन मला अकरा वर्षं झाली, पण त्यांच्याबरोबर शेतात पहिल्यांदा गेले ती मागच्या शनिवारी.

डिटेक्टरची थाळी जमिनीपासून दोन बोटं वर धरायची आणि विळा फिरवावा तशी डावी-उजवी फिरवत सावकाश पुढे जायचं. थाळीतल्या तारेच्या वेटोळ्यातून विजेचा प्रवाह उलटसुलट वाहतो, त्याचं चुंबकीय क्षेत्र मातीत उतरतं, खाली धातू असेल तर त्यात बारीकसा प्रवाह उठतो आणि तो यंत्राला कळतो. गंजका खिळा घोगरा बोलतो, चांदी बारीक आणि स्वच्छ. पहिल्या तासात ट्रॅक्टरचा बोल्ट, काडतुसाची टोपी आणि शिशाचा गोळा निघाला. मग एक बारीक आवाज आला. काका गुडघ्यांवर बसले, ढेकूळ उचललं, बोटांनी फोडलं आणि तळहात माझ्यापुढे धरला.

चांदीचा पापुद्रा होता, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. आकार थेट चतकोर भाकरीचा. एका अंगाला क्रुसाची रेघ कडेपर्यंत गेलेली. इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीने १२४७ मध्ये काढलेल्या पेनीवर असा लांब हातांचा क्रूस आहे. सुट्टे पैसे हवेत तर लोक क्रुसाच्या रेघेवरून पेनी कापत. दोन तुकडे केले की अर्धी, चार केले की चौथाई. माझ्या तोंडून आपसूक निघालं, “पावली!” आजीच्या बोलण्यात चवली-पावली-अधेली असायच्या, त्यातली ही पावली मला नॉर्फकच्या चिखलात भेटली.

काकांनी ती लगेच खिशात टाकली नाही. फोनवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपले, खोली किती ते लिहिलं, खड्ड्याचा फोटो काढला, तुकडा छोट्या पिशवीत घातला, वर क्रमांक टाकला आणि खड्डा बुजवला. हे सगळं होईपर्यंत मी थंडीत उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सिन्नर तालुक्यातला आमचा मळा होता. तो का, ते पुढे सांगते.

असं एकटं नाणं इथल्या कायद्यात ‘खजिना’ ठरत नाही. १९९६ च्या कायद्याप्रमाणे तीनशे वर्षांहून जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. संग्रहालयाने ती ठेवून घेतली तर तज्ज्ञांनी ठरवलेली किंमत मिळते, आणि ती बहुधा शोधणारा व जमीनमालक वाटून घेतात. एकट्यादुकट्या वस्तूची नोंद ऐच्छिक आहे. तरी अशा नोंदींसाठी १९९७ पासून चाललेल्या नोंदवहीत पंधरा लाखांहून अधिक वस्तू जमा झाल्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक काकांसारख्या हौशी माणसांनी दाखवलेल्या. कारण साधं आहे. प्रत्येक भागात यासाठी नेमलेला अधिकारी असतो. त्याच्यापुढे पिशवी ठेवली की तो आधी कौतुकाने बघतो. पोलीस बोलावत नाही.

नॉरिचच्या दक्षिणेला, तासाभराच्या आत, हॉक्सन नावाचं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा १९९२ मध्ये शेतात हरवला. तो शोधायला एरिक लॉज हे त्यांचे स्नेही डिटेक्टर घेऊन गेले आणि त्यांना सोन्या-चांदीची रोमन नाणी लागली. थोडी नाणी काढल्यावर त्यांनी हात आवरला आणि कळवलं. दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वाची माणसं आली. चौदा हजारांहून अधिक नाणी, चमचे, दागिने, आणि हे सगळं ज्या लाकडी पेटीत नीट रचलं होतं त्या पेटीच्या खुणासुद्धा त्यांना टिपता आल्या. लॉज खणत राहिले असते तर पेटी कुणालाच कळली नसती. तो हातोडाही सापडला, आणि आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

इथे सगळेच साधू नाहीत. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना व्हायकिंग काळातली सुमारे तीनशे नाणी सापडली असावीत. त्यांनी ती लपवून विकायला काढली. तीसएक परत मिळाली, बाकीची गेली. त्या थोडक्या नाण्यांवरही दोन राजे शेजारी-शेजारी दिसले आणि त्या काळाच्या इतिहासाची मांडणी बदलावी लागली. उरलेली नाणी काय बोलली असती, ते आता कळायचं नाही. दोघांना २०१९ मध्ये लांब मुदतीच्या कैदेची शिक्षा झाली. मला ती योग्य वाटते.

आता आमच्या मळ्याकडे येते.

तिथून थोड्या अंतरावर, गोदावरी-दारणा संगमाजवळ जोगलटेंभी आहे. तिथे १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा. सगळी क्षहरात वंशातला क्षत्रप राजा नहपान याची. पुढे राजाचा मुखवटा आणि ग्रीक अक्षरं, मागे बाण, वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीतलं नाव. पण त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच कमानींचा डोंगर उमटवलेला आणि भोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं नाव. ठशाखालून जुन्या राजाचं नाक, कान, केसांची बट अजून डोकावते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्याचा अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापला आणि सातवाहनांच्या इतिहासाला एक पक्का खुंटा मिळाला. साठ्यात नहपानानंतरच्या एकाही क्षत्रपाचं नाणं नव्हतं, म्हणजे गौतमीपुत्राने थेट नहपानाचीच सत्ता मोडली. नाशिकच्या पांडवलेण्याच्या तिसऱ्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिने कोरून ठेवलंय की आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडला. आईच्या शब्दाला चांदीची साक्ष मिळाली.

ही साक्ष मिळाली ती साठा एकत्र अभ्यासता आला म्हणून. तीच नाणी एकेक करून तेरा हजार जणांच्या हाती गेली असती, तर प्रत्येकाकडे एक जुनं नाणं असतं आणि इतिहास कुणाकडेच नसता.

त्याच पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापणं ठेव म्हणून ठेवली, व्याज दरमहा शेकडा एक. त्या व्याजातून वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचं चीवर. हिशेब करून बघा. महिन्याचे वीस, वर्षाचे २४०, आणि वीस गुणिले बारा बरोबर २४०. शाळेच्या सहलीला मी त्या भिंतीपुढे डबा खाल्ला होता. हा हिशेब तिथे लिहिलेला आहे हे मला कुणी सांगितलं नाही.

आणि आमची आजी. तिच्या पायात जाड चांदीचे तोडे होते. ती सांगायची, आजोबांच्या वडिलांना विहीर खणताना गाडगं लागलं, त्यात “चपटे चांदीचे दाणे, त्यावर माणसाचं तोंड”. बोभाटा नको म्हणून रातोरात एका सोनाराकडे नेलं, आटवलं, आणि घरातल्या तिघी सुनांना तोडे झाले. आमचा मळा जोगलटेंभीपासून फार लांब नाही. ते तोंड कुणाचं होतं, डोक्यावर ठसा होता का, सोबत आणखी काय होतं, हे मी आता कुणाला विचारू? लहानपणी त्या तोड्यांवर मी डोकं टेकवून झोपले आहे. मला त्या माणसांचा राग येत नाही. ‘सरकार सगळं घेऊन जाईल, वर पोलीस मागे लागतील’ ही भीती खरी होती आणि आजही खरी आहे.

याच भीतीत आता हाव आणि यंत्र यांची भर पडली आहे. मार्च २०२५ मध्ये, ‘छावा’ चित्रपट आल्यानंतर, बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या शेतांत रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि मेटल डिटेक्टर घेऊन माणसं मोगलांचं सोनं खणत असल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिली. नॉरिचमध्ये बसून ती बघताना माझ्या पोटात गोळा आला. बुऱ्हाणपूर ही मोगलांची टांकसाळ होती, तिथल्या मातीत नाणं असणं स्वाभाविक आहे. पण खड्ड्यातून निघालेलं ते नाणं पहाटेपर्यंत कुणाच्या तरी खिशात गेलं आणि कुठल्या थरातून आलं हे कायमचं बुजलं. आपल्याकडे गडांवर पावसाळ्यानंतर शिवराई नाणी उघडी पडतात, त्यांचंही हेच होतं.

म्हणून ज्या कायद्याला सगळे घाबरतात तो मी वाचून काढला. १८७८ चा निखात निधी कायदा. दहा रुपयांहून अधिक किमतीचं जमिनीत पुरलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. शंभर वर्षांहून जुना, बेवारस ठरलेला ठेवा असेल तर शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात वाटणी होते, आपसात करार नसेल तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला. सरकारला तो ठेवायचा असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा अधिक देऊन घेता येतो. लपवलं तर मात्र हक्क जातो आणि कैद होऊ शकते. म्हणजे आपला कायदा प्रामाणिक माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाही. पण धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा म्हणजे नहपानाच्या नाण्याला बाजारभावाच्या मानाने काहीच नाही, आणि हे सगळं शेतकऱ्याला समजावून सांगणारा माणूस तालुक्यात नाही. डिटेक्टरवर बंदीची मागणी लगेच होते. मला आधी तो माणूस हवा आहे. तहसील कचेरीत एक खुर्ची, तिच्यावर नाणी ओळखणारी, आधी चहा विचारणारी व्यक्ती. माणसं घडवायला लांब जायला नको. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय तर सराफ बाजाराला लागून सरकारवाड्यात आहे.

तोवर नाशिककरांना, खास करून निफाड-सिन्नरकडे मळे असणाऱ्यांना, माझी हात जोडून विनंती आहे. विहिरीत, घराच्या पायात किंवा नांगराला काही लागलं तर आणखी खणू नका. आहे तिथेच फोटो काढा. चिंचेने, राखेने घासू नका, जुनी अक्षरं तेवढ्याने जातात. गाडगं फुटकं असलं तरी खापरं टाकू नका. लेखी कळवा आणि पोच घ्या. आणि घरात आजीचे जुने तोडे असतील, तर ते कुठल्या चांदीचे आहेत हे ती सांगू शकते आहे तोवर विचारून ठेवा.