मामांचा डबा

परीक्षा तोंडावर असताना मी पेटंटचा कायदा वाचत बसलो होतो, हे आमच्या सरांना कळले तर ते हसतील. मी कला शाखेचा विद्यार्थी. विजेशी माझा संबंध दिव्याच्या बटणापुरता. पण याला कारण आमचे मामा.

मामांचे गावात लाउडस्पीकर दुरुस्तीचे दुकान आहे. सप्ताहात बुवांनी स्वर चढवला की माइक शिट्टी मारतो आणि रंगलेल्या कीर्तनाचा विरस होतो. तीन वर्षे खटपट करून मामांनी एक डबा बनवला. तो माइक आणि अँप्लिफायर यांच्यामध्ये जोडला की शिट्टी बंद! दिवाळीत त्यांनी मला विचारले, “तू इंग्रजी शिकलास. याचं पेटंट घ्यावं का रे? दुकानाच्या पत्र्यासाठी साठवलेले पैसे आहेत.”

स्वतःच्या नावाने ऑनलाइन अर्ज करणाऱ्याला सरकारी फी १६०० रुपये, तपासणीच्या मागणीला आणखी ४०००. पण दावे नेमक्या शब्दांत लिहून देणाऱ्या एजंटाची फी याच्या कितीतरी पट. पेटंट मिळाले तर ते अर्जापासून वीस वर्षे टिकते, तेही नूतनीकरणाची फी भरत राहिल्यास. आणि कोणी नक्कल केली तर? कोर्टात आपणच जायचे. पेटंट म्हणजे भांडण्याचा परवाना. भांडणाचा खर्च वेगळा.

वाचता वाचता एडविन आर्मस्ट्राँग भेटला. रेडिओतली खरखर घालवणाऱ्या एफएम पद्धतीची पेटंटे या अमेरिकन इंजिनिअरला १९३३ साली मिळाली. १९४० मध्ये आरसीए या बलाढ्य कंपनीने एकरकमी दहा लाख डॉलर देऊ केले. त्याने रॉयल्टीचा आग्रह धरला. १९४८ मध्ये तो कोर्टात गेला. पेटंटांची मुदत संपली, पैसा आटला, संसार विस्कटला आणि १९५४ मध्ये त्याने जीव दिला. पत्नी मॅरियन हिने दावे पुढे चालवले; शेवटचा १९६७ मध्ये जिंकला.

याउलट रे डॉल्बी. मिरवणुकीतल्या कर्कश भिंतींना आपण त्याचे नाव देतो, पण तो नको असलेला आवाज घालवणारा माणूस! १९६३ ते ६५ तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. पुढे लंडनमध्ये प्रयोगशाळा काढून टेपवरची खसखस कमी करण्याची युक्ती त्याने टेपरेकॉर्डर बनवणाऱ्यांना परवान्याने दिली. पेटंट दोघांकडेही होते. डॉल्बीला मात्र गिऱ्हाइके वेळेवर भेटली.

मी हे सारे मामांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “त्या बाईनं खटला जिंकला, तेव्हा लोक त्याचा रेडिओ ऐकत होते ना?”

“हो.”

“मग बरं.”

आम्ही मधला मार्ग काढला. तात्पुरता अर्ज केला की तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. मात्र वस्तू चारचौघांत वापरण्याआधी अर्ज केलेला बरा, नाहीतर तिचे नवेपणच धोक्यात येते. म्हणून सप्ताहाच्या चार दिवस आधी १६०० रुपये भरले. बाकीचे पैसे पत्र्याला लागले. वर्षभरात कोणी गिऱ्हाईक उभे राहिले, तरच पुढचा खर्च.

सप्ताहात माइकने एकदाही शिट्टी मारली नाही. मंडपात ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. मागे खांबाला टेकून मामा तेवढे कान देऊन बसले होते.