काळा मासा

ठाणे-डोंबिवलीतल्या घरांमधले टँक साफ करता करता माझी वीसेक वर्षं गेली. ‘मासा मेला’ हा फोन सोपा असतो. ‘माशाचा रंग बदलला’ म्हटलं की मात्र मी आधी पाणी तपासायचा किट पिशवीत टाकतो.

एका काकूंना वास्तूवाल्याने आठ सोनेरी आणि एक काळा मासा ठेवायला सांगितलं होतं. तीन फुटी टँकमध्ये नऊ गोल्डफिश म्हणजे सकाळची सव्वाआठची लोकल. मी तसं म्हणालोही, पण दिले. (धंदा आहे.) काळा म्हणून ब्लॅक मूर दिला. सातव्या महिन्यात काकूंचा फोन आला, “काय रे, रंगवून दिलास का मासा? पोटाकडून तांबडा व्हायला लागलाय!”

ते लागलं, कारण आमच्या धंद्यात रंगवलेले मासे खरंच विकले जातात. ग्लासफिश हा आपल्याकडच्या नद्यांतला पारदर्शक मासा. त्याला सुईने रंग टोचतात, काही महिन्यांत तो विटतो, तोवर जगला तर. मी तो माल कधीच बंद केला.

मूरची गोष्ट वेगळी होती. गोल्डफिशचं पिल्लू सोनेरी जन्मत नाही, मातकट-हिरवट असतं. वाढता वाढता कातडीतल्या काळ्या रंगपेशी मरतात आणि त्यांच्याआड झाकलेला नारिंगी वर येतो. मूरमध्ये काळ्या पेशी टिकतात, पण प्रत्येक मूरमध्ये जन्मभर टिकतीलच असं नाही. म्हणजे काकूंचा मासा रंग उडालेला नव्हता, उशिरा सोनेरी झालेला होता. हे मी सांगितलं, त्यांना पटलं नाही.

हा सावकाश होणारा बदल. झटपट होणारा पाहायचा तर पहाटे निऑन टेट्राच्या टँकचा दिवा लावावा. निळी रेघ गायब, मासे धुतल्या कपड्यासारखे फिके. नवीन गिऱ्हाईक हमखास घाबरतं. पण रंगपेशीतले काळे कण मधोमध गोळा झाले की मासा फिकटतो, पसरले की गडद होतो. निऑनचा निळा तर रंगच नव्हे. ग्वानिनच्या बारीक स्फटिकांच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, त्यांच्यातलं अंतर बदललं की परतणारा उजेड बदलतो. दिवा लावून ठेवा, चहा घ्या, परत या. रेघ आपल्या जागी असते.

पांढऱ्या तळाच्या टँकमध्ये मासा फिका पडतो तो याच कणांमुळे. दुकानातला मासा काळ्या खडीवर नेला की आठवड्यात खुलतो आणि गिऱ्हाईक खाद्याला श्रेय देतं. खाद्याचाही वाटा आहे म्हणा. लाल-नारिंगी रंगाचा कच्चा माल माशाला स्वतः बनवता येत नाही, तो खाण्यातूनच यावा लागतो. ठाण्याच्या खाडीतले फ्लेमिंगो गुलाबी होतात तेही असंच खाऊन. मी कोळणीकडून ताजा जवळा आणतो, उकडून थोडा थोडा देतो. डबाबंद ‘कलर फूड’पेक्षा स्वस्त पडतो, फक्त घरातल्यांना वास सोसावा लागतो.

वर्षभराने काकूंचा पुन्हा फोन. या वेळी आवाजात आनंद. “अरे, एक सोनेरी मासा आपोआप काळा होतोय! कल्ल्यांवर, पंखांच्या कडांना. वास्तूचा मासा परत आला बघ.”

मी किट घेऊन गेलो. भाच्याने वाढदिवसाला आणखी पाच मासे आणून सोडले होते. फिल्टरचा आवाज येतो म्हणून रात्री तो बंद केला जायचा. किटच्या नळीतलं पाणी पिवळं राहायच्या ऐवजी हिरवं झालं, म्हणजे अमोनिया. अमोनियाने माशाची कातडी भाजते आणि भाजलेली जागा भरून येताना तिथे काळ्या पेशी गोळा होतात. मी पाणी बदललं, फिल्टर दिवसरात्र चालू ठेवायला सांगितलं, पाच पाहुणे पिशवीत भरले.

“पाणी नीट राहिलं तर काही आठवड्यांत हा काळा जाईल,” मी म्हणालो.

काकू काचेजवळ वाकून बघत होत्या. “मग राहू दे ना रे थोडे दिवस असंच.”