भेटीची बाटली

शनिवारी ताईकडे जेवायला जायचंय. भाऊजींना वाइन आवडते, म्हणून आज दुकानात बराच वेळ रेंगाळले. लेबलवर नाशिक दिसलं की मला आपसूक बरं वाटतं. जानेवारी ते मार्च तिकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. ताई सुरमई तळणार, सोबत झणझणीत कालवण. मग शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाइन घेतली. तिची फळांची गोडसर चव आणि आंबटपणा तिखटाला सांभाळून घेतात. दाट, तुरट रेड मिरचीबरोबर जीभ आणखी पोळवते. मटण असतं, तर अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सांजोवेझे ही रेड उचलली असती. शेनिन मात्र दोन-तीन तास फ्रिजमध्ये हवी; ८ ते १० अंशांवर ती खुलते.

घरी हे सोपं; पण हॉटेलात वाइन मागवली की वेटर आधी घोटभर ओततो, तेव्हा कितीतरी जण अवघडतात. तो आवड विचारत नसतो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढंच बघायचं असतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, तर बेधडक परत करावी. आणि बजेट? यादीतल्या किमतीवर बोट ठेवून ‘या सुमाराची सुचवा’ म्हणावं. चांगला वेटर लगेच ओळखतो, पाहुण्यांसमोर आकडा उच्चारावा लागत नाही.