आमचें श्वानसंशोधन

उपवर कन्येच्या पित्यास स्थळें सुचविणारे लोक जसे न बोलावतां घरीं येतात, तसेच ते कुत्र्याच्या शोधांत असलेल्या गृहस्थाकडेहि येतात, हा अनुभव आम्हांस २०२५ च्या पावसाळ्यांत आला. 'घरांत कुत्रें आणावयाचें आहे' हें वाक्य आमच्या सौभाग्यवतींनीं वाण्याच्या दुकानांत एकदांच उच्चारलें. परंतु त्याच संध्याकाळीं तिघांनीं आम्हांस गांठून कुल, वर्ण, वय व खर्च यांची चौकशी केली. एकानें हस्कीची शिफारस केली. सायबेरियांतील बर्फावर गाड्या ओढणारा, अंगावर केसांचे दोन थर वागविणारा हा प्राणी पुण्याच्या वैशाखांत कोणत्या खोलींत ठेवावा, असें आम्हीं विचारलें. तेव्हां ती खोली थंड करणारें यंत्र घ्यावें, असें उत्तर मिळालें. दुसऱ्यानें पग सुचविला. २००३ सालीं एका टेलिफोन कंपनीच्या जाहिरातींत एका मुलाच्या मागें मागें धांवणारा पग दिसूं लागला, आणि त्यानंतर तो कित्येक घरांत येऊन राहिला. जाहिरातींत तो सारखा चालतो. घरांत आल्यावर दोन जिने चढला कीं त्याचा श्वास घरघरूं लागतो. सौंदर्याच्या नांवाखालीं माणसांनींच पिढ्यान् पिढ्या त्याचें नाक आंत दाबीत नेलें आहे, त्यास तो बिचारा काय करील! तिसरे गृहस्थ स्वदेशाभिमानी. त्यांनीं मुधोळच्या कुत्र्याचें माहात्म्य सांगितलें. २००५ सालीं त्याचें चित्र टपालाच्या तिकिटावर आलें होतें, हेंहि सांगितलें. कुत्रा खरोखरच देखणा, यांत वाद नाहीं. परंतु त्याच्या पायांना मोकळें रान लागतें, व आमचें अंगण लांबींत तेवीस पावलें आहे.

या सर्व मंडळींचे श्रम व्यर्थ होते, कारण आमच्या मनांत एक स्थळ पूर्वींच ठरलेलें होतें, आणि तें या जगांत उरलेलें नव्हतें. आमचा मोती कोणत्याच कुळाचा नव्हता. गव्हाळ रंग, एक कान उभा व एक पडलेला, आणि पोळीचा तुकडा मिळाला कीं तो खाण्यापूर्वीं घरांतील प्रत्येकास दाखवून येण्याची संवय. सौभाग्यवती ज्या कुत्र्याचें चित्र पाहत त्याचे कान आधीं पाहत, आणि आम्ही रंग पाहत असूं. नवें कुत्रें शोधणारीं माणसें बहुधा जुन्यालाच शोधीत असतात, व तें न सांपडल्यामुळें नव्यावर रागावतात, असें आमचें मत झालें आहे.

नऊ वर्षें मोती आमच्याकडे होता. २०२३ च्या दिवाळींत, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं, कोपऱ्यावर कोणीं फटाक्यांची लांब माळ लावली. मोती बिथरला, फाटक उघडें राहिलें होतें, त्यांतून तो बाहेर गेला, आणि दुसरे दिवशीं पहांटे मोठ्या रस्त्याच्या कडेला सांपडला.

'फाटक उघडें राहिलें' हें वाक्य त्यानंतर दोन वर्षें आमच्या घरांत होतें. मराठी भाषेची ही मोठी सोय आहे. दूध उतूं जातें, पेला फुटतो, फाटक उघडें राहतें. करणारा कोणी लागत नाहीं. परंतु वाक्यांतून कर्ता वगळला तरी ऐकणारीं माणसें ती रिकामी जागा मनांतल्या मनांत भरून घेतात. आमच्या घरांत सर्वांनीं त्या जागीं आमच्या नऊ वर्षांच्या मुलास बसविलें, कारण त्या संध्याकाळीं भुईनळे घेऊन तोच आंतबाहेर करीत होता. कोणी त्यास रागें भरलें नाहीं. आमच्या मातुश्री एकदां म्हणाल्या, "जाऊं दे बाळ, मुलांच्या हातून होतं असं." त्यावर तो कांहीं बोलला नाहीं. आम्हीहि कांहीं बोललों नाहीं.

असो. विक्रेत्याकडे आम्ही एकदांच गेलों. उपनगरांतील एका घराच्या गच्चीवर प्लॅस्टिकच्या टोपलींत चार पिलें ठेविलेलीं होतीं. तीं दोन महिन्यांचीं आहेत असें आम्हांस सांगण्यांत आलें. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीं पिलूं विकूं नये, असा केंद्र सरकारचा २०१७ चा नियम असल्यामुळें याहून निराळें उत्तर मिळण्याचा संभव नव्हता. सौभाग्यवतींनीं एका पिलाचा ओठ हळूच वर करून पाहिला. पिलांचे दुधाचे दांत तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फुटूं लागतात, व दोन महिन्यांपर्यंत बहुधा अठ्ठावीसहि येऊन चुकतात. येथें पुढचे चार-दोन दांत तेवढे तांदुळाच्या कणीसारखे दिसत होते. आई कोठें आहे, असें विचारतां ती गांवाबाहेर आहे असें कळलें. कोणत्या गांवाबाहेर, तें कळलें नाहीं. पिलाची आई व ती राहते ती जागा पाहिल्यावांचून पिलूं घेऊं नये, असें जाणते सांगतात तें उगाच नव्हे. आईपासून अकालीं तोडलेलें, लस न टोचलेलें पिलूं घरीं येतें, आणि पार्व्होच्या सांथींत सांपडलें तर तीन-चार दिवसांत ओकारी व रक्ताचे जुलाब होऊन हातचें जातें. हें सर्व आम्हांस ठाऊक होतें. तरी तें पिलूं बोट चोखूं लागलें तेव्हां त्यास घेऊन टाकावें असा मोह आम्हां दोघांनाहि झाला, हें कबूल केलें पाहिजे. आम्हांस आंवरलें तें एका विचारानें: दयेपोटीं उचललेल्या पिलाची टोपलींतील जागा आठवड्याच्या आंत दुसरें पिलूं भरून काढतें, आणि त्याची आई तेथेंच राहते.

तेव्हां आश्रयगृहाचा मार्ग उरला. निराश्रित जनावरांना आसरा देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत १८३२ सालीं सरकारनें बेवारशी कुत्रीं मारविण्यास आरंभ केला तेव्हां पारशी मंडळी खवळून उठली व शहरांत दंगा झाला; त्यानंतर दोनच वर्षांनीं, १८३४ सालीं, सर जमशेटजी जिजीभाई प्रभृति धनिकांनीं तेथें पांजरपोळाची स्थापना केली. परंतु आमच्या लहानपणीं पांजरपोळांत जनावर सोडून येण्याची चाल होती. तेथून एखादें घरीं घेऊन आल्याचें आम्हीं कधीं ऐकलें नव्हतें. वाट एकाच दिशेनें जात असे. ती आतां उलट दिशेनेंहि चालूं लागली आहे, मात्र रहदारी फार नाहीं. आम्ही गेलों तो २०२५ चा ऑगस्ट महिना होता. सर्वोच्च न्यायालयानें ११ तारखेस दिल्लींतील भटकीं कुत्रीं उचलून आश्रयगृहांत ठेवण्याचा आदेश दिला होता. २२ तारखेस तो बदलून, नसबंदी व लस झालेलीं कुत्रीं मूळ जागीं सोडावीं, रेबीज झालेलीं व चावरीं मात्र सोडूं नयेत, आणि कोणास एखादें दत्तक घ्यावयाचें असल्यास अर्ज करून घ्यावें, असें ठरविण्यांत आलें. आमच्या आळींत यावर दोन पक्ष पडले व त्यांनीं रात्रीं उशिरांपर्यंत वाद केला. दोहोंपैकीं एकाहि पक्षांतील कोणीं कुत्रें घरीं आणल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

आश्रयगृह शहराच्या कडेला, पत्र्याच्या शेडांत होतें. फिनेल, ओलें पोतें व शिजलेला भात यांचा एकत्र वास, आणि आम्ही फाटकांत शिरतांच शेंदीडशें गळ्यांतून उठलेलें स्वागत. आमची समजूत अशी होती कीं, आपण जावें, रांगेनें हिंडावें व पसंत पडेल तें घेऊन यावें. तेथील व्यवस्थापक बाईंनीं आम्हांस बांकावर बसविलें आणि हातीं चार पानांचा छापील अर्ज दिला. घर स्वतःचें कीं भाड्याचें? भाड्याचें असल्यास मालकाची संमति आहे काय? दिवसा घरीं कोण असतें? गांवीं जातांना काय व्यवस्था कराल? परगांवीं बदली झाली तर? कुत्रें म्हातारें व आंधळें झालें तर? आमच्या लग्नाच्या वेळीं आमची इतकी चौकशी झाली नव्हती. आम्हीं तसें हंसत म्हटलें, तेव्हां बाई हंसल्या नाहींत. "काका, इथून गेलेलं कुत्रं परत आलं कीं तें आठ-आठ दिवस जेवत नाहीं," त्या म्हणाल्या. "म्हणून आधींच विचारतों."

तिसऱ्या पानावर प्रश्न होता: 'पूर्वीं प्राणी पाळला होता काय? तो कसा गेला?' आम्हीं लिहिलें, 'अपघात.' हें खोटें नव्हतें. ज्या धर्मराजानें पुढें स्वर्गाच्या दारांत उभें राहून, मागें मागें आलेल्या कुत्र्यास टाकून आंत येण्याचें नाकारलें, त्यानेंहि रणांगणावर अश्वत्थाम्याविषयीं जें सांगितलें तें एका अर्थीं खरेंच होतें. त्याचा रथ चार बोटें खालीं आला. आमचा रथ पूर्वींपासूनच जमिनीवर होता, म्हणून कोणास कांहीं दिसलें नाहीं.

शेवटच्या पानावर घरांतील सर्व माणसांच्या सह्या हव्या होत्या. सौभाग्यवतींनीं केली. मातुश्रींची आम्हीं घरून आणूं म्हटलें. मुलापुढें कागद सरकविला, तों त्यानें हात पाठीमागें घेतले.

"मला नको कुत्रं," तो म्हणाला.

"कां रे बाळ?" बाईंनीं विचारलें.

तो जमिनीकडे पाहून म्हणाला, "माझ्याकडून फाटक उघडं राहतं."

त्या क्षणीं आम्हांस जी लाज वाटली तिचें वर्णन करण्याच्या खटाटोपांत पडत नाहीं. आमच्या फाटकाच्या खांबाला बाहेरच्या अंगास एक कोनाडा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं त्यांत पणती आम्हीं ठेविली होती. एका हातांत पणती, दुसऱ्यांत तेलाची बाटली. परततांना फाटक कोपरानें ढकललें, आणि कोपरानें कडी लागत नाहीं. मुलगा त्यापूर्वींच आंत येऊन हातपाय धुवीत होता. दुसरे दिवशीं सकाळीं हें सर्व आम्हांस लख्ख आठवलें होतें. आज सांगूं, उद्यां सांगूं, आतां तो विसरला असेल, आतां उगाच आठवण कशाला द्या, असें करीत दोन वर्षें गेलीं. तें आम्हीं त्या बांकावर, परक्या बाईंच्या समक्ष सांगितलें. सौभाग्यवती आमच्याकडे पाहत राहिल्या व एवढेंच म्हणाल्या, "अहो, दोन वर्षं?" मुलगा कांहींच बोलला नाहीं. बाईंनीं अर्ज पुन्हां आमच्यापुढें ठेवला. "'अपघात' खोडूं नका," त्या म्हणाल्या, "पुढं लिहा." लेखांतून 'आम्ही' म्हणून मिरविणें सोपें असतें, अर्जांत तसें चालत नाहीं. आम्हीं लिहिलें, 'फाटक मीं उघडें टाकलें होतें.'

आम्हांस वाटलें, आतां अर्ज नामंजूर होणार. बाई उठल्या आणि म्हणाल्या, "चला, बघून घ्या."

पिलांच्या कोठडीपुढें गर्दी होती. तेथें नेहमींच असते. पिलूं पुढें कसें निघेल हें कोणीच सांगूं शकत नाहीं, आणि वाढलेल्या कुत्र्याचा स्वभाव डोळ्यांपुढें असतो. तरी लोक पिलूंच मागतात. घरांत म्हातारें माणूस व मूल आहे म्हटल्यावर बाईंनीं आम्हांस अगदीं टोकाच्या खोलीकडे नेलें. तेथें काशी होती. पांच-सहा वर्षांची गांवठी कुत्री, काळसर तपकिरी, डाव्या कानाचें टोक कापलेलें. नसबंदी झालेल्या भटक्या कुत्र्यांची ती खूण. एका कुटुंबानें तिला नेलें होतें व परगांवीं बिऱ्हाड हलवितांना परत आणून सोडलें होतें. मोतीशीं तिचें कशांतच साम्य नव्हतें. 'आम्हीं तिला निवडलें नाहीं, तिनेंच आम्हांला निवडलें,' असें पुष्कळ लोक सांगतात. आम्हांस तसें सांगतां येत नाहीं. तिनें आमच्याकडे एकदां पाहिलें, आमच्या खिशांतील बिस्किटाच्या पुड्याकडे बराच वेळ पाहिलें, आणि ती पुन्हां भिंतीकडे तोंड करून बसली.

मुलगा जाळीशीं जाऊन उकिडवा बसला होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, "ही फटाक्यांना भिते?"

"हो, भिते," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगूं?"

"मग मी बसेन तिच्याजवळ." आणि त्यानें हात पुढें करून बाईंकडे लेखणी मागितली. आमच्याशीं तो संध्याकाळपर्यंत बोलला नाहीं.

चार दिवसांनीं आश्रयगृहाचा एक तरुण घर पाहावयास आला. त्यानें बैठकीच्या खोलीकडे ढुंकूनहि पाहिलें नाहीं, गच्चीचा कठडा पाहिला, आणि फाटकाखालीं वीत लावून म्हणाला, "इतक्या फटींतून ही सहज जाईल." फाटकास खालीं लोखंडी पट्टी व वर दुसरी कडी बसविल्यावर काशी आली. पहिले तीन दिवस ती पलंगाखालीं होती. तीन आठवड्यांनीं तिनें मातुश्रींच्या खुर्चीजवळची जागा घेतली. पोळी ती कोणास दाखवीत नाहीं. घेऊन कोपऱ्यांत जाते व पाठ करून खाते. सौभाग्यवतींना याचें प्रथम वाईट वाटे.

ऑक्टोबरांत लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं मुलगा मधल्या खोलीच्या खिडक्या लावून काशीजवळ बसला होता. भुईनळे त्यानें आणूंच दिले नव्हते. आम्हीं तेलाची बाटली पायरीवर ठेविली, पणती घेऊन बाहेर गेलों, ती कोनाड्यांत लावली आणि परत आलों. पायरी चढतों तों आंतून आवाज आला, "बाबा, कडी!"

आम्ही पुन्हां फाटकाशीं गेलों. दोन्ही कड्या लागलेल्या होत्या. हलवून पाहिल्या, व तसें त्यास ओरडून सांगितलें.